पाळकाची मंडळी

आपल्या भाषेंत ‘मंडळी’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. पंगतीला बसलेले पाहुणे ही मंडळी, घरांतील लहानथोर माणसें ही घरची मंडळी; आणि जुन्या वळणाचे गृहस्थ पत्नीचें नांव चारचौघांत घ्यावयाचें नाहीं म्हणून ‘आमची मंडळी माहेरीं गेली आहे’ असें म्हणत, तेव्हां तीही मंडळीच. मराठी ख्रिस्ती बांधव एकत्र जमून उपासना करणाऱ्या समाजाला ‘मंडळी’ म्हणतात, आणि त्या समाजाचा धार्मिक सांभाळ ज्याच्याकडे सोंपविलेला असतो त्याला ‘पाळक’. हा पाळक आणि आपला ‘पालक’ हे दोघेही एकाच पाल् धातूचे पुत्र. घर सांभाळणारा पालक आणि मंडळी सांभाळणारा पाळक यांचें नातें व्याकरणानें जोडलेलें आहे. तें प्रत्यक्ष जीवनांत कसें निभावतें, हा प्रस्तुत लेखाचा विषय. त्यासाठीं आम्ही उदाहरण घेतलें आहे तें लुथरपंथी धर्मविद्यालयांतील विद्यार्थ्याचें. त्याचें पुस्तकी शिक्षण बव्हंशीं आटोपलेलें असतें, तो एखाद्या मंडळींत वर्षभर उमेदवारी करीत असतो, आणि तें वर्ष आतां संपत आलेलें असतें.

विषय परका वाटण्याचा संभव आहे. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आम्हां लोकांना ख्रिस्ती धर्मगुरु म्हटला कीं पांढऱ्या झग्यांतील ब्रह्मचारी ‘फादर’च डोळ्यांपुढें येतो. साष्टी बेटावर सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं तो उठविला. त्यामुळें वांद्र्याकडचीं काय किंवा इकडे ट्रॉम्बेकडचीं काय, जुनीं ख्रिस्ती घराणीं बहुतेक सारीं रोमन कॅथॉलिक पंथाचीं, आणि त्यांच्या धर्मगुरूला प्रपंच नसतो. पुढें १९५४-५५ च्या सुमारास आमच्या माहुल गांवाच्या कडेला तेलशुद्धीचे मोठे कारखाने उभे राहिले. खाडीकांठच्या कोळीवाड्यांना नवे शेजारी मिळाले. पोटासाठीं दक्षिणेंतून आलेल्या कुटुंबांबरोबर निराळ्या ख्रिस्ती पंथांशींही या भागाची ओळख झाली. त्या पंथांतील पाळक आपल्यासारखाच संसारी असतो. आणि धर्मगुरु संसारी असला म्हणजे त्याच्या धर्मकार्याचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर राहत नाहीं. तो घरांत वांटला जातो. भिक्षुकी, पुराण, कीर्तन किंवा अध्यापन यांवर ज्यांचीं घरें चाललीं, त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको.

लुथरपंथाचा मूळपुरुष मार्टिन लूथर (१४८३–१५४६) हा जर्मनींतील ऑगस्टिनियन संघाचा संन्यासी आणि विटेनबर्ग येथील विद्यापीठाचा अध्यापक होता. पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध त्यानें १५१७ सालीं ९५ कलमें लिहिलीं, हें आपण शाळेंतच वाचलेलें असतें. परंतु १५२५ च्या जून महिन्यांत त्यानें कॅथरीना फॉन बोरा या मठ सोडून आलेल्या संन्यासिनीशीं विवाह केला, ही गोष्ट आमच्या मतें त्या ९५ कलमांइतकीच परिणामकारक ठरली. ज्या मठांत तो संन्यासी म्हणून राहिला होता, तोच मठ आतां त्याचें घर झाला. सहा अपत्यें झालीं. पैकीं एलिझाबेथ तान्हेपणींच गेली, आणि माग्दालेना १५४२ सालीं तेराव्या वर्षीं वारली. अनाथ भाचरें, पैसे देऊन राहणारे विद्यार्थी, आश्रयाला आलेले परस्थ, अशी पंगत तेथें रोज बसे. जेवतांना लूथर जें बोले तें विद्यार्थी टिपून घेत; त्या टिपणांचा पुढें ग्रंथ झाला. पण बाग, गुरें, यवांचें मद्य गाळण्याची भट्टी, शेतजमीन आणि एवढ्या माणसांचें रोजचें अन्न हें सारें कॅथरीना पाहत असे. लूथरनें तिला लिहिलेलीं पत्रें आज उपलब्ध आहेत. तिनें लूथरला लिहिलेलें एकही पत्र उरलेलें नाहीं. पंगतीचा ग्रंथ झाला. पंगत वाढणारीचे बोल मात्र वाऱ्यावर गेले.

याच सुमारास, १५२८ सालीं, लूथर व त्याचे सहकारी सॅक्सनी प्रांतांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्या तपासावयास गेले. तेथील धर्मगुरूंचें आणि लोकांचें अज्ञान पाहून त्याला मोठा खेद झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यानें प्रश्नोत्तरांचीं दोन पुस्तकें लिहिलीं. त्यांतील लहान पुस्तक विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. कारण तें घरांतील कर्त्या पुरुषानें आपल्या बायकामुलांना व गडीमाणसांना शिकवावें अशा बेतानें रचलेलें आहे. म्हणजे धर्मशिक्षणाची पहिली शाळा देऊळ नसून स्वयंपाकघराजवळची बैठक होय, असा तो निर्णय होता. या निर्णयांतून एक अपेक्षा आपोआप जन्मास आली: जो इतरांना घरांत धर्म शिकवावयास सांगतो, त्याचें स्वतःचें घर साऱ्या गांवाच्या दृष्टीसमोर उघडें राहिलें पाहिजे.

त्या उघड्या घराची किंमत कोणी दिली, हेंही सांगणें प्राप्त आहे. १५४२ सालीं केलेल्या मृत्युपत्रांत लूथरनें सर्व मालमत्ता पत्नीच्या नांवें लिहून ठेविली होती. परंतु स्त्रीच्या हातीं असा कारभार देण्याची तेथील रूढी नव्हती; लूथरच्या पश्चात् तिच्यावर व मुलांवर पालक नेमण्यांत आले. लगेच युद्ध पेटलें, तिला दोनदां गांव सोडावें लागलें, शेतांची धूळधाण झाली. १५५२ सालीं प्लेगमुळें ती विटेनबर्गाहून निघाली असतां वाटेंत घोडे उधळले. ती गाडींतून पडली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत टोर्गाउ येथें तिचें निधन झालें. ज्या पंथानें पाळकाला गृहस्थाश्रम दिला, त्या पंथाच्या पहिल्या गृहिणीची अखेर अशी झाली. पाळकाला अधिकारपद असतें. त्याच्या घराला कर्तव्यें सारीं असतात, पण पद नसतें. ही विषमता चारशें-पांचशें वर्षांत पुष्कळ कमी झाली असली तरी अजून पुरती गेलेली नाहीं.

आतां आजच्या विद्यार्थ्याकडे वळूं. १५३० सालीं ऑग्सबर्ग येथें सादर झालेल्या लुथरपंथी निवेदनाच्या चौदाव्या कलमांत असा नियम आहे कीं, रीतसर पाचारण झाल्याखेरीज कोणीही मंडळींत जाहीरपणें शिकवूं नये अगर संस्कार देऊं नयेत. म्हणून विद्वत्ता कितीही असली तरी मनुष्य आपला आपण पाळक होत नाहीं. अमेरिकेंतील मिसूरी मंडळाची पद्धति यासाठीं पाहण्याजोगी आहे. पाळक होऊं इच्छिणारा पदवीधर तेथें चार वर्षें धर्मविद्यालयाशीं बांधलेला असतो. साधारणतः पहिलीं दोन वर्षें हिब्रू व ग्रीक भाषा, धर्मग्रंथांचें विवरण, सिद्धान्त आणि इतिहास. तिसरें वर्ष एखाद्या दूरच्या मंडळींत प्रत्यक्ष उमेदवारी. आणि चौथें वर्ष पुन्हा विद्यालयांत. उमेदवारीच्या वर्षीं त्याला ‘व्हिकार’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दुसऱ्याच्या जागीं उभा राहिलेला’. तो प्रवचन करितो, पण तें अनुभवी पाळकाच्या नजरेखालीं. आजाऱ्यांच्या व घरीं खिळलेल्या वृद्धांच्या भेटी घेतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलांकडून लूथरचें तें लहान पुस्तक पाठ करून घेतो. प्रेताबरोबर स्मशानापर्यंत जातो आणि परतल्यावर त्या घरीं बसून राहतो. प्रभुभोजनाचा संस्कार चालविण्याचा अधिकार मात्र त्याला सामान्यतः अद्याप नसतो. अमेरिकेंतील दुसऱ्या एका मोठ्या लुथरपंथी मंडळांत तर उमेदवाराच्या कामावर लक्ष ठेवण्यासाठीं सामान्य सभासदांची एक लहान समिती असते. कारकून, शेतकरी, शिक्षिका असे लोक ठराविक काळानें त्याच्याशीं बसून त्याचें कोठें चुकतें आणि कोठें साधतें तें सांगतात.

ही व्यवस्था वाचून आम्हां संस्कृताच्या अभ्यासकांना ‘अंतेवासी’ शब्दाची आठवण व्हावी हें साहजिक आहे. गुरूच्या जवळ राहतो तो अंतेवासी. केवळ ऐकतो तो नव्हे. विद्या मुखानें देतां येते, पण आचार सहवासानेंच घ्यावा लागतो, म्हणूनच शिकविणाऱ्याला आपण आचार्य म्हटलें. परंतु आपल्या अंतेवासींत आणि या उमेदवारांत एक मोठा भेद आहे, आणि आमच्या लेखाचें मर्म त्यांतच आहे. आपला अंतेवासी ब्रह्मचारी होता. समावर्तन झाल्यावर तो घरीं परतत असे आणि संसार मागाहून सुरू होत असे. लुथरपंथी उमेदवार पुष्कळदां पत्नी आणि एकदोन लहान मुलें घेऊनच गुरुगृहीं येतो. त्याचें शिक्षण चालू असतें तेव्हां त्याचा संसार थांबत नाहीं. तोही शिकत असतो.

तो काय शिकतो? प्रथम हें, कीं राहण्याचें ठिकाण आपण निवडावयाचें नसतें. उमेदवारीचें गांव विद्यालय ठरवितें. पत्नी नोकरी करीत असेल तर ती सोडावी लागते. मुलाची शाळा बदलते. नव्या गांवीं घराची सोय आणि निर्वाहापुरतें वेतन मंडळी देते, पण तें उमेदवाराचें वेतन; त्यांत काटकसर हाच मुख्य मसाला. दुसरें हें, कीं सणाच्या दिवशीं जेव्हां सर्वांचे वडील घरीं असतात, तेव्हां आपला बाप देवळांत असतो. रविवार हा इतरांच्या विसाव्याचा दिवस, तो या घराच्या कामाचा. रात्रीं दोन वाजतां कोणी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला कीं दार उघडावयास बहुधा पत्नीच उठते. तिसरें, आणि सर्वांत कठीण, हें कीं घरीं कळलेली गोष्ट बाहेर बोलावयाची नाहीं. कोणाचा मुलगा दारूच्या नादीं लागला, कोणाच्या घरीं वितुष्ट आलें, हें पाळकाच्या उंबऱ्यावर कळतें आणि तेथेंच पुरावें लागतें. लहान मुलांनासुद्धां हें मौन शिकावें लागतें.

आमच्या भगिनीवाचकांना यावरून एक सादृश्य सहज सुचेल. आपल्या एकत्र कुटुंबांत नवी सून येते तेव्हां तिच्या चालण्याबोलण्यावर, पदरावर, आमटीच्या चवीवर दहा डोळे असतात. पाळकाच्या पत्नीचेंही तसेंच. फरक एवढाच कीं तिला सासू एक नसते, मंडळींतील प्रत्येक वडीलधारी बाई थोडीथोडी सासू असते. मुलगा देवळांत चुळबुळ करूं लागला कीं दहा माना वळतात. परंतु सादृश्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सून आजारी पडली कीं तेंच दहा डोळ्यांचें घर तिच्या उशाशीं जागतें. उमेदवाराच्या पत्नीचें बाळंतपण परगांवीं झालें, तर आठ दिवस तिच्या दारीं शिजलेलें अन्न येतें. तिचें मूल मंडळींतील आजी आळीपाळीनें मांडीवर घेतात. मंडळी ही घरासारखी असावी असें सर्वच धर्म सांगतात. ती खरोखर तशी आहे किंवा नाहीं, हें प्रवचनावरून कळत नाहीं. उमेदवाराच्या घरीं दुखणें आलें म्हणजे कळतें.

मग वर्ष संपत येतें. उमेदवाराला लोकांचीं नांवें, दुखणीं, भांडणें आणि गुण कोठें नीटपणें कळूं लागलेले असतात, तों निरोपाचा दिवस उगवतो. परत विद्यालयांत एक वर्ष; आणि त्याच्या अखेरीस वसंतऋतूंत जाहीर उपासनेच्या वेळीं प्रत्येक विद्यार्थ्याचें नांव आणि त्याला पाचारण करणाऱ्या मंडळीचें गांव वाचून दाखविण्यांत येतें. समुद्रकांठचा प्रांत असेल, बर्फाळ माळरान असेल, मोठें शहर असेल. पत्नी व मुलें त्या वेळीं देवळाच्या बांकावर बसलेलीं असतात. कन्यादानाच्या वेळीं मुलीचें गोत्र बदलतें; येथें एका वाक्यानें साऱ्या घराचें गांव बदलतें. टाळ्या ज्याच्या नांवाला पडतात तो एक असतो. सामान बांधावयाचें असतें सर्वांना.

हें सर्व परदेशचें झालें. पण लुथरपंथाची अशी उमेदवारी आपल्या देशांत तीनशें वर्षें चालत आली आहे, आणि तिच्या इतिहासांत मराठी माणसांचा हात अगदीं जवळून लागलेला आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक यानें पाठविलेले दोन जर्मन लुथरपंथी धर्मोपदेशक १७०६ सालीं तामिळ देशांतील तरंगंबाडी येथें उतरले; त्यांतील झीगेनबाल्ग हा प्रसिद्ध आहे. देशी शिक्षक व उपदेशक तयार करण्यासाठीं १७१६ सालीं तेथें विद्यालय निघालें. कडलूरकडील आरोन नांवाचा तामिळ गृहस्थ अनेक वर्षें उपदेशकाचें काम केल्यावर २८ डिसेंबर १७३३ रोजीं पाळक झाला. प्रॉटेस्टंट पंथांत दीक्षा मिळालेला तो पहिला भारतीय पाळक. आधीं उमेदवारी आणि मग दीक्षा, हा क्रम तेव्हांपासूनचा आहे.

तरंगंबाडीपासून जवळच तंजावरास भोसल्यांचें मराठी राज्य होतें. तेथें ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ (१७२६–१७९८) या लुथरपंथी पाळकानें आयुष्याचा उत्तरार्ध घालविला. तो तामिळ तर जाणत होताच, पण दरबारासाठीं मराठीही शिकला होता. तो आजन्म अविवाहित राहिला. तथापि त्याचें घर कधीं रिकामें नव्हतें. योहान कास्पर कोलहॉफ हा सहकाऱ्याचा मुलगा त्याच्याजवळ लहानाचा मोठा झाला आणि १७८७ सालीं दीक्षित झाला. तिरुनेलवेलीकडील वेदनायकम् (१७७४–१८६४) हा ख्रिस्ती मुलगा त्यानें आपल्याजवळ आणून वाढविला. तोच पुढें ‘शास्त्री’ पदवीनें तामिळ ख्रिस्ती कवि म्हणून गाजला. आणि तुळजाजी राजांनीं मृत्यूपूर्वीं आपला दत्तक पुत्र सरफोजी याला याच पाळकाच्या देखरेखीखालीं दिलें. सरफोजी राजे ख्रिस्ती झाले नाहींत, शिवभक्तच राहिले. परंतु श्वार्ट्झ वारल्यावर त्यांनीं लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलें. मृत्युशय्येवरील गुरूचा हात शिष्यानें हातीं धरला आहे, असा तो देखावा तंजावरच्या देवळांत अद्याप पाहावयास मिळतो. धर्म न बदलतां ऋण मानतां येतें, याचा याहून सुंदर पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

याच तंजावरच्या एका मराठी ब्राह्मण विधवेची कथा याहून नाजूक आहे. ती एका इंग्रज सैनिकी अधिकाऱ्याच्या आश्रयास होती. तिनें बाप्तिस्मा मागितला, परंतु तो संबंध विधियुक्त विवाहाचा नाहीं म्हणून श्वार्ट्झनें नकार दिला. अधिकारी वारल्यानंतर १७७८ सालीं पालयंकोट्टै येथें त्यानें तिला बाप्तिस्मा दिला आणि तिचें नांव क्लारिंडा ठेवण्यांत आलें. तिच्याभोंवतीं एक लहानशी मंडळी जमली. १७८० सालच्या नोंदींत तिचे सभासद चाळीस आहेत. १७८५ सालीं तिच्या पुढाकारानें देऊळ उभें राहिलें. लोक त्याला ‘पाप्पात्ति अम्माळ कोविल’, म्हणजे ‘ब्राह्मणबाईंचें देऊळ’, म्हणत आले. त्या मंडळीकडे तंजावरहून सत्यनाथन् नांवाचा उपदेशक पाठविण्यांत आला. त्याला १७९० सालीं पाळकाची दीक्षा मिळाली. येथें क्रम पाहा: आधीं स्त्रीनें मंडळी जमविली, मग देऊळ बांधलें, आणि मग पाळक आला. ज्या बाईला कोणतेंही अधिकारपद मिळणें त्या काळीं शक्य नव्हतें, तिच्या अंगणांत एक उमेदवार पाळक झाला.

महाराष्ट्रांत लुथरपंथाचा प्रसार फारसा झाला नाहीं. येथें अमेरिकन व स्कॉटिश मिशनांनीं काम केलें. तरीही धर्मसेवेच्या उमेदवारींत पत्नीचें काय होतें, हें जगाला सांगणारा सर्वांत प्रांजळ आवाज मराठींतच उमटला आहे. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय एकट्याचा होता. परिणाम मात्र लक्ष्मीबाईंना आणि लहानग्या दत्तूला भोगावा लागला. पतिपत्नींची कांहीं वर्षें ताटातूट झाली. पुढें लक्ष्मीबाई अहमदनगरास (आतांच्या अहिल्यानगरास) पतीकडे आल्या. पण आल्या त्या आपलें सोंवळेंओंवळें बरोबर घेऊनच. कोणाच्या सांगण्यावरून त्यांनीं तें टाकलें नाहीं; स्वतःच्या मनाशीं झगडून, आपल्या गतीनें त्या पुढें सरकल्या, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. टिळक अमेरिकन मिशनच्या धर्मविद्यालयांत शिकवीत, आणि १९०४ सालीं त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. दीक्षेचा विधि त्यांचा झाला. परंतु त्याआधींच्या नऊ वर्षांची उमेदवारी दोघांची होती. किंबहुना लक्ष्मीबाईंची अधिक कठीण, कारण टिळकांनीं आपला मार्ग स्वतः निवडला होता, आणि लक्ष्मीबाईंना तो निवडण्यापूर्वींच चालावा लागला होता.

‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं आणि मराठी घराघरांत वाचलीं गेलीं. बालपणीं अक्षरओळखही नसलेल्या या बाईंनीं पतीनें अपुरें ठेविलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें नेऊन पुरें केलें. ब्राह्मण वाचकाला धर्मांतराचें शल्य असेल. तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तें शल्य बाळगूनही आपल्या आजीआयांनीं तें पुस्तक ओलावल्या डोळ्यांनीं वाचलें, त्याचें कारण त्यांना त्यांत आपलेंच घर दिसलें. पुरुषानें ध्येय पत्करावें आणि त्या ध्येयाचें बिऱ्हाड बायकोनें पाठीवर घ्यावें, हा अनुभव एका धर्माचा नाहीं. देशभक्तांच्या, समाजसुधारकांच्या, व्रतस्थ शिक्षकांच्या घरींही तोच आहे.

आज आपल्या देशांत लुथरपंथी पाळकांचें शिक्षण निरनिराळ्या ठिकाणीं चालतें. नागरकोइल येथें मिसूरी परंपरेचें विद्यालय आहे. आणि चेन्नईच्या किलपॉक भागांतील मोठ्या विद्यालयाचें तर नांवच ‘गुरुकुल’ आहे. हें नांव कोणा परदेशी माणसाला केवळ शोभेसाठीं सुचलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. गुरूच्या विद्येइतकेंच ‘कुल’ महत्त्वाचें, हा अर्थ त्यांत आहे. काळही पालटला आहे. अमेरिकेंतील एका मोठ्या लुथरपंथी मंडळानें १९७० सालीं एलिझाबेथ प्लाट्झ यांना दीक्षा दिली, आणि तेव्हांपासून त्या देशांतील अनेक मंडळ्यांचा सांभाळ स्त्रिया करीत आहेत. मिसूरी मंडळ मात्र ही गोष्ट मानीत नाहीं. जेथें पत्नी उमेदवार असते तेथें सामान बांधून मागोमाग जाण्याची पाळी पतीवर येते. त्यामुळें भूमिका बदलल्या. घराचा वांटा मात्र तितकाच राहिला. मागें जाणारा पुरुष असला म्हणजे लोकांना त्याचा त्याग चटकन् दिसतो, एवढाच फरक. तो स्त्रीच्या वेळीं का दिसत नव्हता, याचा विचार प्रत्येकानें आपापल्या घरीं करावा.

उमेदवारीचें वर्ष संपतें तेव्हां देखरेख करणारा पाळक आपला अभिप्राय लिहून विद्यालयाकडे पाठवितो. प्रवचन कसें, वर्तन कसें, आजाऱ्याशीं बोलण्याची रीत कशी, अशा गोष्टी त्यांत असतात, आणि त्या असाव्यात. परंतु जाणत्या मंडळीनें त्या दिवशीं आणखी एक हिशेब आपल्या मनाशीं करावा. या घरानें आपल्यासाठीं काय सोडलें? दार किती वेळां उघडलें? मुलाचे वाढदिवस किती चुकले? आणि आपण त्या गृहिणीला तिच्या नांवानें ओळखलें, कीं केवळ ‘उमेदवाराची पत्नी’ म्हणून? निरोपाच्या भाषणांत तिचें नांव घ्यावें, तिच्या कामाचा उल्लेख स्वतंत्रपणें करावा. आणि शक्य असेल तर पुढल्या गांवीं तिचें काम व मुलांची शाळा यांची चौकशी पाचारण करणाऱ्या मंडळीनें आधींच करून ठेवावी. हें औदार्य नव्हे. हें देणें आहे.

आपल्या घरांनाही हाच न्याय लागू आहे. वडील बंधु सार्वजनिक कामांत असतात, मुलगा सैन्यांत किंवा संशोधनांत असतो, काका गांवोगांव कीर्तनाला जातात. त्यांचे सत्कार होतात, शाली पांघरल्या जातात. त्या प्रसंगीं मागच्या रांगेंत बसलेल्या, घाईनें घर आवरून आलेल्या माणसाकडे एकवार पाहावें. आपल्या भाषेनें पत्नीला, घराला आणि जमलेल्या समाजाला एकच नांव देऊन ठेविलें आहे, तें उगीच नव्हे. ज्याला घरची मंडळी सांभाळतां येत नाहीं, त्याच्या हातीं बाहेरची मंडळी सोंपवूं नये, असा त्याचा एक अर्थ आहे. आणि जी बाहेरची मंडळी आपल्या पाळकाच्या घरच्या मंडळीला सांभाळीत नाहीं, तिनें स्वतःला मंडळी म्हणवूं नये, हा दुसरा.